तुम्ही विचारलंत म्हणून : पाटावर काय आणायचं?

अनंत चतुर्दशी जवळ आली की कोणीतरी विचारतंच, "तुम्ही इतकं साग्रसंगीत गणपती बसवता आणि विसर्जन बादलीत? चालतं का हो ते?" विचारणारे दोन प्रकारचे. काहींच्या मते, गणपती नदीत बुडवला नाही म्हणजे मी धर्म बुडवला. काहींच्या मते, पर्यावरण एवढं कळतं तर गणपती बसवायचाच कशाला. या दुसऱ्यांना मी वाटली डाळ देते आणि विषय बदलते. पहिला प्रश्न मात्र माझ्या सासूबाईंचाच होता, त्यामुळे तो टाळता येत नाही.

आमचा गणपती पूर्वी पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर जायचा. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असलं की मुठा खरोखर नदीसारखी दिसायची. एका वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी भिडे पुलावरून जात होते, पाणी ओसरलेलं होतं. काठच्या गाळात गणपती पडलेले. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, रंग तेवढा गेलेला. एकाचा आशीर्वादाचा हात तसाच वर होता. मी गाडी थांबवली नाही. थांबवून करणार काय होते?

पुढे 2016 च्या सुमारास पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची युक्ती शहरभर झाली. बिस्किटं फुगवायला वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट मूर्तीच्या वजनाइतकं घ्यायचं, पाण्यात घालायचं, त्यात मूर्ती ठेवायची. प्लास्टरचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा, खडूसारखी चुनखडी होऊन तळाशी बसते आणि वर राहतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे खतच. पावडर तेव्हा महापालिका फुकट वाटायची. आमची मूर्ती साडेतीन किलोची. मी मंडईतून नवी कोरी बादली आणली, कारण "बाथरूमची बादली?" हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं.

उत्तरपूजा झाली, आरती झाली, "पुढच्या वर्षी लवकर या" झालं. तीनदा बुडवून मूर्ती बादलीत ठेवली. बुडबुडे यायला लागले आणि बाल्कनीभर नाकात झोंबणारा वास. सासूबाईंनी काही न बोलता कपाटातून धुतलेलं उपरणं काढलं आणि बादलीवर घातलं. मग म्हणाल्या, "अगं, पाटावर काय आणायचं?"

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विसर्जन करून येताना रिकामा पाट आणत नाहीत. नदीतली मूठभर वाळू त्यावर ठेवून आणतात, घरी तिची आरती करतात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तुळशीतली माती घेतली.

ती बादली दोन दिवस बाल्कनीत होती, आणि मला सांगायचंय ते हेच. घाटावर आपण पाठ फिरवतो आणि निघतो. पुढचं नदीनं बघायचं. इथे सकाळी चहा घेताना उपरणं उचलून बघावं लागायचं. मुकुट गेला, सोंड गेली, पोट बराच वेळ राहिलं. ढवळताना मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

धर्माचं म्हणाल तर आमच्या गुरुजींनी एका वाक्यात मिटवलं. अक्षता टाकून मूर्ती जागची हलवली की देव गेला, उरली ती माती. 'यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्' म्हणतात ते तेव्हाच. पार्थिव म्हणजे मातीचा. पूजेच्या नावातच माती आहे, प्लास्टर आपण घुसडलं. आणि माणूस गेल्यावर त्याच्या देहालाही आपण पार्थिवच म्हणतो. ते कोणी गाळात पालथं टाकून घरी येत नाही.

आता नदी गणपतींनी मारली असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. मुळा-मुठेला मारलं ते आपल्या रोजच्या सांडपाण्यानं, वर्षाचे 365 दिवस. माझ्या एका बादलीनं मुठा स्वच्छ होत नाही, हे मला कळतं. पण संडासातून नदीत काय जातं ते दिसत नाही म्हणून खुपत नाही, आणि हे डोळ्यांसमोर होतं.

नंतर आम्ही शाडूवर आलो. शाडूही काही सोवळा नाही बरं का. तो गुजरातेतून ट्रकनं येतो, आणि एवढ्या मूर्ती नदीत गेल्या तर त्याचाही गाळच. म्हणून आम्ही तो परत वापरतो. रात्री बादलीत ठेवलेली मूर्ती सकाळपर्यंत खाली बसलेली असते. वरचं पाणी झाडांना, चिखल जुन्या धोतरातून गाळून वाळवायचा, आणि श्रावणात पुन्हा भिजवायचा. मूर्ती मीच करते. सुबक होत नाही. गेल्या वर्षी सोंड दोनदा गळून पडली आणि कान एकसारखे झाले नाहीत ते नाहीतच. मळताना हाताला अक्षतांचे दोन दाणे लागले, आदल्या वर्षीचे. मी काढून टाकत होते, सासूबाईंनी राहू द्यायला सांगितलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बादलीतला ओला गोळा काढून त्यांनी स्वतः पाटावर ठेवला. मग मला म्हणाल्या, "निरांजन आण."