फवारा दिसला की आधी वेळ लिहा

"अगं, पण तोच देवमासा दोनदा मोजला नाहीत हे कशावरून?" गेल्या आठवड्यात बाबांनी फोनवर विचारलं. बाबा आयुष्यभर बँकेत होते, ताळा लागल्याशिवाय त्यांना आकडा पटत नाही. आम्ही काहीजण समुद्रकाठच्या कड्यावर बसून समोरून जाणारे देवमासे मोजतो, त्याबद्दल हा प्रश्न. तो रास्त आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सिडनीच्या दक्षिणेला कर्नेलजवळ केप सोलँडरचा कडा आहे. जून-जुलैत अंटार्क्टिकाकडून क्वीन्सलंडच्या कोमट पाण्याकडे निघालेले हंपबॅक जातीचे देवमासे याच कड्यासमोरून जातात. बहुतेक सगळे उत्तरेलाच जात असतात, हा आमचा मोठा आधार. देवमाशाच्या श्वासाचा फवारा दिसला की आधी वेळ लिहायची, मग दिशा आणि अंदाजे अंतर. संख्या सगळ्यात शेवटी, कारण एक वर असताना दुसरा पाण्याखाली असू शकतो. ते पुन्हा श्वासाला वर येईपर्यंत वाट पाहायची, मगच 'दोन' लिहायचं. उलटा दक्षिणेला वळलेला असेल तर त्याची नोंद वेगळी. वारा वाढून लाटांवर पांढरा फेस आला की फवारे त्यात हरवतात, म्हणून वाराही लिहायचा. 'दिसले नाहीत' म्हणजे 'नव्हते' असं नाही.

शास्त्रज्ञांचा मुख्य हिशेब मात्र क्वीन्सलंडमधल्या नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटावरचा, पॉइंट लुकआउटचा. तिथे दोन तुकड्या एकमेकींशी न बोलता तोच समुद्र मोजतात. एकीला दिसलेले दुसरीच्या नजरेतून किती सुटले, यावरून दोघींच्याही नजरेतून सुटलेल्यांचा अंदाज काढतात. बाबांना हे ऐकून फार बरं वाटलं!

हा खटाटोप का, ते शेजारच्या मोर्टन बेटावर कळतं. तिथल्या टँगालूमा या देवमाशांच्या शिकारीच्या केंद्रात १९५२ ते १९६२ या काळात ६,२७७ हंपबॅक कापले गेले. मग देवमासेच मिळेनासे झाले आणि केंद्र बंद पडलं. त्याच सुमारास, १९५९ ते १९६१ च्या दोन हंगामांत, सोव्हिएत जहाजांनी दक्षिण महासागरात सुमारे २५,००० हंपबॅक मारले आणि खरे आकडे दडवून ठेवले. ते उजेडात आले १९९० च्या दशकात, तेही तिथल्याच शास्त्रज्ञांमुळे. या शिकारीनंतर पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने जाणारे जेमतेम काहीशे उरले होते. २०१५ च्या मोजणीत ते सुमारे २४,५०० भरले, वर्षाला जवळपास ११ टक्के वाढ! २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने हंपबॅकला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून काढलं.

मला भीती याच्या पुढची वाटते. यादीतून नाव गेलं की पैसा आणि लक्ष दोन्ही आटतात. ही वाढ कधीतरी मंदावणारच. पण ती जागा आणि अन्न पुरेनासं झाल्यामुळे मंदावली, की तापत्या समुद्रात क्रिल (त्यांचं खाद्य असलेले कोळंबीसारखे बारीक जीव) घटल्यामुळे, हे ओळखायचं तर त्याच कड्यावरून, त्याच पद्धतीने मोजत राहायला हवं. मधली वर्षं नंतर भरून काढता येत नाहीत.

"आणि आपल्याकडे?" बाबांचा पुढचा प्रश्न. अरबी समुद्रातले हंपबॅक ध्रुवाकडे जातच नाहीत, बारा महिने तिथेच राहतात. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी त्यांतले २४२ मारले. ओमानजवळ फोटोंवरून केलेला अंदाज शंभराच्याही आत आहे. २०१७ मध्ये ओमानला उपग्रह-टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याजवळ आली होती. इतके थोडे आणि इतके विखुरलेले प्राणी कड्यावर बसून मोजता येत नाहीत. तिथे शेपटीचा फोटोच हवा, कारण शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते.

मालवण, वेंगुर्ला, गोव्याकडून होडी घेऊन जाणारं कुणी हे वाचत असेल, तर विनंती आहे. आपल्याकडे दिसणारा प्रत्येक देवमासा हंपबॅक नसतो, ब्रायडीज व्हेलही दिसतात. हंपबॅकचे पुढचे पर फार लांब असतात, शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश. तसा दिसला तर इंजिन मंद करा, पाठलाग करू नका, आणि बुडी मारताना शेपटी वर आली तर मागून फोटो घ्या. तारीख, वेळ आणि जीपीएसवरची जागा लिहून तो मरीन मॅमल रिसर्च अँड कन्झर्व्हेशन नेटवर्क ऑफ इंडियाकडे पाठवा. फोटो धूसर आला तरी पाठवाच.