बोडीकाठचा झाडबेडूक

नागपूरहून भंडारा, लाखनी करत साकोली गाठली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. महामार्ग सोडून नवेगावबांधच्या अंगाला वळलं की दोन्ही बाजूंना बांध्याच बांध्या, म्हणजे धानाची शेतं. जुलै लागलेला, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वर आलेले, रोवणी (लावणी) तोंडावर. झाडबेडूक पाहायचा तर याच दिवसांत.

अंधार पडल्यावर आधी कान लावावा. बांधीतलं डराव-डराव मोठ्या बेडकांचं. झाडबेडकाचा आवाज कोरडा, कुणी लाकडावर पेरानं ठोकावं तसा: टक्-टक्-टक्, मग शांत, मग पुन्हा. तो बहुतेकदा पाण्याच्या वरून, झुडपातून येतो. एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर (बांधावर) बेशरमाच्या झुडपाच्या फांदीला नर चिकटलेला मिळाला. नर साधारण ५ सेंमी, मादी ७-८ सेंमीपर्यंत भरते. बोटांच्या टोकांना चपट्या गोल गाद्या, डोळ्याची बाहुली आडवी. पाठीच्या रंगावर जाऊ नका, तो मातकट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत बदलत राहतो. त्यानं पाय लांबवला की मांडीची मागची बाजू पाहा: गडद जाळीत पिवळे गोल ठिपके. ती खूण पक्की.

मला खरी ओढ असते ती त्याच्या फेसाच्या घरट्याची. नर मादीच्या पाठीवर बसलेला असतो. मादी अंड्यांसोबत चिकट स्राव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळते, ताक घुसळावं तसा. पांढरा फेस फुगतो, त्यात काही शे अंडी. सकाळी पाहिलं तर संत्र्याएवढा गोळा पानाला, गवताला किंवा दगडाला चिकटलेला, वरून सुकून पापुद्रा धरलेला. आत ओल टिकते. चार-पाच दिवसांत पिल्लं आतल्या आत वळवळू लागतात, फेस पातळ होतो आणि ती खालच्या पाण्यात टपकतात.

म्हणून घरटं दिसलं की त्याच्या खाली पाहावं. बारमाही तलावातले मासे पिल्लं फस्त करतात. पावसाळी डबक्यात ती भीती कमी, पण पावसानं आठ-दहा दिवस दडी मारली की डबकंच आटतं. ढगफुटीसारखी सर आली तर कोवळा फेस धुऊन जातो. मुंग्या शिरतात, माश्या त्यात अंडी घालतात. तसं घरटं तपकिरी पडून बसतं. सर्वांत वाईट वाटतं ते सिमेंटच्या टाकीवरचं घरटं पाहून. अंडी घातली तेव्हा टाकीत पाणी होतं, दोन दिवसांनी कुणी टाकी रिकामी करून घासली की पिल्लं कोरड्या तळावर पडतात. गावात ओळख असेल तर आठवडाभर टाकी तशीच ठेवायला जरूर सांगा. घरटं मात्र उचलून दुसरीकडे लावू नका, पापुद्रा फाटला की आतलं वाळतं.

उन्हाळ्यात हाच बेडूक न्हाणीघरात, कौलांखाली, रांजणामागे सापडतो. पाय पोटाशी घेऊन, चपटा होऊन बसतो. कातडीतून मेणचट स्राव काढून पायांनी अंगभर पुसतो. त्यानं अंगातलं पाणी कमी उडतं. चुन्याच्या भिंतीवर फिकट पडलेला असला तर नजरेतून सहज सुटतो. तो विषारी नाही, चावत नाही. तरी हात लावू नका, विशेषतः डास पळवणारं मलम लावलेला हात. त्याची कातडी सगळं शोषून घेते.

रात्री जायचं तर गमबूट घाला आणि काठी घ्या. मण्यार आणि घोणसही पाळीवर येतात. विजेरीवर लाल कापड बांधलं तर नर लवकर गप्प होत नाहीत.

डबक्यात नाकाच्या टोकावर पांढरा ठिपका असलेली पिल्लं दिसली तर ती याचीच. दोनेक महिन्यांत त्यांना पाय फुटतात. पोळ्याच्या सुमारास त्याच पाळीवर खाली वाकून पाहिलं तर धानाच्या पात्यावर बोटाच्या पेराएवढे बेडूक बसलेले दिसतात, काहींच्या शेपटीचा काळसर खुंट अजून अंगात जिरायचा असतो.