फोटोग्राफर जेवला का?

अक्षता पडून दहा मिनिटं झाली नसतील तोवर कोणतरी येऊन विचारतंच, "फोटो कधी देणार ओ?" नवरदेवाचा मावसभाऊ विचारतो, नवरीची मैत्रीण विचारते, एकदा तर भटजींनीच विचारलेलं, तेही दक्षिणा खिशात घालता घालता. "जेवलास काय रे?" हे विचारणारं माणूस मात्र लग्नागणिक एखादंच. आणि आता बारा वर्षं बेळगावच्या आसपास लग्नं करून (म्हणजे दुसऱ्यांची) माझी पक्की खात्री झालीय की हे कोण विचारतं त्यावरून ते घर कळतं.

लोकांना वाटतं यात काय, कार्यालयात एवढं जेवण असतंय, जा की आणि बस पंगतीला. पण मेख अशी की पंगत आणि स्टेज एकाच वेळी सुरू होतात. मुहूर्त 12:35 चा. अंतरपाट खाली येतो तो सगळा मिळून सेकंदभराचा खेळ, त्यासाठी मी अर्धा तास आधीपासून एका गुडघ्यावर, पुढ्यात नवरीच्या मामाचं कोपर, मागनं दहा-बारा मोबाईल वर झालेले, आणि अक्षता तर अशा येतात की नेम माझ्यावरच धरलाय. रात्री घरी बॅग उलटी केली की लेन्सच्या हूडमधून, बॅटरीच्या कप्प्यातून पिवळे तांदूळ पडतात. आई ते वेचून गच्चीवर चिमण्यांना टाकते आणि म्हणते, तुझ्या कॅमेऱ्यानं आजवर पायलीभर तरी आणले असतील बघ.

तर अक्षता पडल्या की निम्मे लोक जेवायला पळतात आणि निम्मे आहेर घेऊन स्टेजच्या लायनीत. ती लाईन दोन-दोन तास हलत नाही. जेवून आलेले परत लायनीत उभे राहतात, हात पुसत. मला स्टेज सोडता येत नाही कारण नेमके मी हललो की आत्याबाई येणार आणि आत्याबाईंचा फोटो नाही म्हणून पुढची वीस वर्षं दोन घरांत अबोला. ती लाईन संपून मी खाली उतरतो तेव्हा तीन वाजलेले असतात, आचारी पातेली घासायला काढत असतो, जिलेबी संपलेली असते, आणि गार मसालेभातावर मठ्ठा ओतून उभ्याउभ्या खायचं. जिलेबीचा फोटो मात्र माझ्याकडे असतो, सकाळी 9 वाजता काढलेला, एकदम शार्प.

आपल्या भागात एक बरं, हा प्रश्न दोन भाषांत येऊ शकतो. गोकाककडं, सौंदत्तीकडं लग्न असलं की एखादी आज्जी "ऊटा आतेन्री?" म्हणत हाताला धरूनच नेते, जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, वर शेंगाचटणी, आणि नको म्हटलेलं तिला कुठल्याच भाषेत कळत नाही. नवरा तिकडचा नि नवरी बेळगावातल्या वडगावची अशी लग्नंही असतात की बक्कळ. तिथं अल्बमच्या कव्हरवर नावं मराठीत घालायची का कन्नडमध्ये यावर महिनाभर फोनाफोनी होते आणि शेवटी दोन्ही घरं समजुतीनं इंग्लिशवर येतात. माझं मत कोणी विचारत नाही. विचारलं तर मी म्हणेन आधी बाकी द्या, मग उर्दूत घालतो.

बाकी हा वेगळाच विषय. अल्बम नेताना देतो म्हणतात आणि अल्बमच नेत नाहीत. माझ्या कपाटात आत्ता तीन जोडपी पडून आहेत, त्यातल्या एकाचं पोर बालवाडीत जातंय.

मग करतोस कशाला, हा अप्पांचा प्रश्न. अप्पांनी जन्मभर माग चालवला, त्यांचं म्हणणं साधं आहे, मागावर बसलो की संध्याकाळी साडी वाढलेली तरी दिसते, तुझं काय दिसतंय? मी पण दोन वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर काढलीत, पगार वेळेवर, जेवणाची सुट्टी भोंग्यावर, डबा गरम. सोडलं. कारण विचारलं की मी आवड वगैरे सांगतो पण खरं कारण जरा लाजिरवाणं आहे. मला माणसांकडं टक लावून बघायला आवडतं. कॅमेरा नसताना असं बघितलं तर मार पडेल, कॅमेरा असला की त्याचे पैसे मिळतात, कधी कधी.

खानापूरकडच्या एका लग्नात, पावसाच्या तोंडावर, पाठवणी उरकून मी कार्यालयाच्या मागं गेलो तर नवरीचे वडील एकटेच, पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसलेले. सकाळपासून त्यांनी पण काही खाल्लं नव्हतं. फेटा मांडीवर. मला बघितलं तसे उठले, आत जाऊन दोन पत्रावळ्या घेऊन आले, भात आणि नुसतं वरण, आणि मीठ स्वतःच्या हातानं माझ्या पानात वाढलं. "बस रे बाबा, तू पण सकाळपास्नं उभाच हाईस." जेवताना ते एक शब्द बोलले नाहीत, घास केलेला हातातच ठेवून गाडी गेली त्या रस्त्याकडं बघत राहिले. मी डाव्या हातानं कॅमेरा उचलला आणि एक क्लिक केलं. त्यांना कळलं, काही म्हणाले नाहीत, घास तोंडात घातला. सिलेक्शनला मी तो फोटो मुद्दाम पहिल्या दहात ठेवलेला. घरच्यांनी घेतला नाही. स्टेजवरचे मात्र 212 घेतले, आत्याबाईंचे त्यात अकरा.

ते राहू दे. धंद्याचं बोलायचं तर आमचं कॅलेंडर जानेवारीला सुरू होत नाही, तुळशीच्या लग्नाला होतं आणि आषाढात बंद पडतं. चातुर्मासात पासपोर्ट फोटो आणि गणपती मंडळं. अधिक महिना कुठं पडतो ते तर मी भटजींच्या आधी बघतो. 2023 ला अधिक श्रावण होता, आमचं काही गेलं नाही, तसेही घरीच होतो. 2026 चा मात्र अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन सीझनच्या पोटावर पाय. 2018 लाही हेच झालेलं, तेव्हा मी एक लेन्स विकली.

म्हणून आता कोटेशन नीट टाईप करून पाठवतो. एवढे फोटो, एवढा व्हिडिओ, अल्बम इतक्या पानांचा. आणि शेवटी एक ओळ घातलीय, जेवणासाठी 20 मिनिटं, बसून. परवा निपाणीच्या एका पार्टीचा फोन आला. सगळ्या रेटवर घासाघीस करून झाली, ड्रोन काढून टाकला, अल्बमची पानं कमी केली, आणि शेवटच्या ओळीवर येऊन ते थांबले. म्हटलं आता हे पण काढणार.

"हे लिहायला लागतंय व्हय?" म्हणाले. मग मागं वळून कुणाला तरी ओरडून सांगितलं, फोटोवाल्यांची चार पानं पहिल्या पंगतीला धरा म्हणून.

आम्ही तिघंच असतो. पण मी काही बोललो नाही.