दहापैकी दहा

सातवीतल्या एका मुलीचा प्रश्न गेला आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाहीये. तो तिने तास संपल्याची घंटा होत असताना विचारला आणि मी उत्तर न देताच वर्गाबाहेर पडले.

मी बदली शिक्षिका आहे. कोणी रजेवर गेलं की सकाळी फोन येतो आणि तासाभरात मी एखाद्या अनोळखी वर्गासमोर उभी असते. हातात हजेरीपट आणि एक चिठ्ठी. त्या दिवशीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘दशांश अपूर्णांक झाले आहेत. सराव करून घ्यावा. वर्ग शांत ठेवावा.’ शेवटचं वाक्य जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत असतं. बदली तासाकडून शाळेला खरं तर तेवढंच हवं असतं आणि मला ते मनापासून खटकतं. मुलांचा तो पूर्ण तास असतो, आणि तो त्यांना परत मिळत नाही.

पहिली पाच मिनिटं नेहमीसारखीच गेली. बदलीवर कोणी आलं की जागा बदलतात, नावंही बदलतात. म्हणून हजेरी घेताना मी ‘हजर’ म्हणणाऱ्याकडे बघत नाही, त्याच्या शेजाऱ्याकडे बघते. नाव खोटं असेल तर शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कळतं. दोन नावं अशी सापडली, मी ती नीट लावून घेतली आणि वर्ग स्थिरावला.

मग मी फळ्यावर एक जोडी लिहिली: ०.३ आणि ०.४५. मोठी संख्या कोणती?

प्रश्न विचारला की मी मनात तीन आकडे मोजते. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या संवादांचा अभ्यास केला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात, असं त्यांना दिसलं होतं. अनोळखी वर्गात ते तीन सेकंद फार मोठे वाटतात. तरी मी थांबते.

तिसऱ्या आकड्याला खिडकीजवळचा हात वर आला. “०.३ मोठा.” आवाजात जराही शंका नव्हती.

मी तिची वही मागितली. आदल्या दिवशीचा गृहपाठ, दहा जोड्या, दहाही बरोबर, खाली लाल शाईत १०/१० आणि ‘छान’. मी जोड्या वाचत गेले. ०.४ आणि ०.३५. ०.७ आणि ०.६२. ०.९ आणि ०.८१५. आणि माझ्या लक्षात आलं की दहाही जोड्यांमध्ये कमी अंकांची संख्याच मोठी होती. असं का, हे कळायला वेळ लागला नाही. पुष्कळ मुलं ०.३५ ‘पॉइंट पस्तीस’ असं वाचतात आणि पस्तीस चारापेक्षा मोठा म्हणून ०.३५ मोठा धरतात. त्यांची चूक पकडायला हा गृहपाठ उत्तम होता. पण ज्या मुलाला उलटी चूक पक्की झाली आहे, ते त्यातून दहापैकी दहा घेऊन निघतं. माझ्या सहकारी बाई मेहनती आहेत, जोड्या त्यांनी विचार करून काढल्या होत्या. फक्त बरोबरची खूण करताना ‘का?’ विचारायचं राहिलं. शंभर-सव्वाशे वह्या तपासायच्या असतील तर ते राहणारच. त्याचा दोष मी त्यांच्यापेक्षा वह्यांच्या ढिगाला देईन.

मी तिला विचारलं, “कसं ठरवलंस?”

ती म्हणाली, “बाई, दशांश म्हणजे दहा भाग. शतांश म्हणजे शंभर भाग. शंभर भाग केले की तुकडा बारीक होतो. ०.३ मध्ये मोठे तुकडे आहेत, ०.४५ मध्ये बारीक. म्हणून ०.३ मोठा.”

मी क्षणभर गप्पच झाले. अर्धा विचार अगदी खरा आहे. शतांशाचा तुकडा दशांशापेक्षा लहानच असतो. तुकडा केवढा हे तिने पाहिलं, तुकडे किती हे पाहायचं राहिलं. नियम पाठ करून आलेल्या मुलापेक्षा हे मूल कितीतरी जास्त विचार करत होतं.

फळ्याजवळ लाकडी मीटरपट्टी होती. मी ती टेबलावर ठेवली आणि तिला पुढे बोलावलं. मीटरचे दहा समान भाग, त्यातले तीन कुठे येतात? तिने बोट सरकवत ३० सेंटिमीटरवर नेलं. आता शंभर भाग, त्यातले पंचेचाळीस? दुसऱ्या हाताचं बोट ४५ वर. दोन्ही बोटं पट्टीवर तशीच ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. नखाने मधल्या रेघा मोजल्या, मग हळूच म्हणाली, “०.४५ पुढे आहे.”

मला फार आनंद झाला, आणि तिथेच मी चुकले. तीच पट्टी हातात असताना लगेच ०.६ आणि ०.५८ दाखवायला हवे होते. मी तिला जागेवर पाठवलं, बाकीच्या वह्या बघत फिरले आणि तास संपायला दोन मिनिटं असताना ती जोडी फळ्यावर लिहिली.

तिने ०.५८ सांगितलं.

“का?”

“आता लांब असेल तो मोठा ना?” माझा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला. घंटा झाली. “बाई, मग नियम कुठला?”

दाराशी पुढच्या तासाचे सर उभे होते.

घरी येऊन मी वाचलं. मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनले यांनी मुलं दशांशांची तुलना कशी करतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ‘लांब तो मोठा’ आणि ‘आखूड तो मोठा’ या दोन्ही समजुती त्यांनी नोंदवल्या आहेत, आणि मुलं एका चुकीच्या समजुतीतून दुसरीत जातात हेही. पण माझ्या समोरच्या मुलीला तिकडे मी पाठवलं होतं. सकाळी तिच्याकडे स्वतः विचार करून काढलेलं एक कारण होतं. मी निघाले तेव्हा तिच्याकडे फक्त एक नियम होता, तोही चुकीचा.

मी जाण्याआधी हजेरीपटात चिठ्ठी ठेवली होती. मुलीचं नाव, तिचं कारण तिच्याच शब्दांत, आणि सहा जोड्या: तीन जिथे लांब संख्या मोठी, तीन जिथे आखूड. परवा बाईंशी फोनवर बोलले. चिठ्ठी त्यांनी वाचली होती. “तिचं दशांश पक्कं आहे हो, वही बघा ना तिची,” त्या म्हणाल्या. मी वही पाहिली आहे, असं मी दोनदा सांगितलं. मग त्यांनी पुढच्या धड्याचं सांगितलं. आता टक्केवारी सुरू झाली आहे. टक्केवारी म्हणजे पुन्हा शतांशच.

तेव्हापासून सकाळी फोन आला की किती वाजता यायचं, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, “कुठला वर्ग?” आज आठवी होती. पिशवीत त्या सहा जोड्यांचा कागद आहे, आणि ३० आणि ४५ वर पेन्सिलने खूण केलेली माझी स्वतःची घडीची मीटरपट्टी. काल रात्री तिच्यावर ५८ आणि ६० च्याही खुणा केल्या.