चारची बोट

रविवार, रात्रीचे साडेनऊ

पोरं ताटावरच झोपली. धाकट्याच्या तोंडातला घास सासूबाईंनी बोटाने काढला आणि एकदा माझ्याकडे बघितलं. बोलल्या काही नाहीत. पहाटे धपाटे बांधून देताना सगळं बोलून झालं होतं.

वासोटा किल्ल्याचं खूळ माझंच. थोरली नऊ वर्षांची, धाकटा साडेपाचचा. महिनाभर दर रविवारी अजिंक्यताऱ्यावर नेऊन पाय मोकळे केले होते. पण अजिंक्यतारा म्हणजे सातारकरांचं परसदार. दमलं की डांबरी रस्ता आहेच. इथे कास ओलांडून बामणोली गाठायची, बोटीने शिवसागर पार करायचा, आणि पाय टेकतो तिथून कोयनेचं अभयारण्य सुरू. मुक्कामाला परवानगी नाही. नाववाल्या मामांनी उतरवतानाच सांगितलं, "चारला खाली पायजे. त्याच्या म्होरं थांबायचा न्हाई." तेव्हापासून माझा अर्धा जीव मनगटावरच्या घड्याळात.

चौकीवर पिशव्या उघडून प्लास्टिक मोजलं. चार बाटल्या, पाच बिस्किटपुडे, एक चिक्कीचं पाकीट. दहा. अनामत भरली. येताना दहाच दाखवायच्या म्हटल्यावर धाकट्याने हे खातं स्वतःकडे घेतलं आणि दर थांब्याला मोजणी सुरू केली.

मुलं चालत नाहीत. पळतात, नाहीतर बसतात. पहिल्या ओढ्यापर्यंत दोघं आमच्या पुढे, तासाभरात धाकट्याने भर रानात बैठक मारली. झाडी एवढी दाट की अकराचं ऊन नुसतं ठिपक्या ठिपक्यांनी खाली येत होतं. उचलून घ्यावं तर फांद्या त्याच्या डोक्याला लागतात. मग बाबाने ताई तेलीण काढली. पेशवाईच्या उतरणीला पंतप्रतिनिधींच्या बाजूने हा गड तिने पेशव्यांच्या बापू गोखल्यांशी कित्येक महिने झुंजवला. 'तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा' ऐकल्यावर धाकट्याने विचारलं, कासोटा म्हणजे? बाबा म्हणाला, चड्डीच समज. झालं! हसून हसून उठला तो, आणि नागेश्वरची वाट फुटते तिथपर्यंत प्रत्येक पावलाला 'सोटा', 'कासोटा'. खाली उतरणारे कॉलेजचे पोरगेही त्याला ताल देऊन गेले. तीस-चाळीस मिनिटांची चढण त्या बाईने आम्हाला फुकटात काढून दिली.

पुढे झाडी सरली, करवंदीची जाळी लागली आणि ऊन थेट डोक्यावर. एक वाजला की जिथे असू तिथून मागे फिरायचं, हा नियम घरी मीच केला होता. एक वाजला तेव्हा वर पायऱ्या आणि पडका दरवाजा दिसत होता. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दहाच मिनिटं. लागली वीस. मुलांपैकी कुणी हट्ट केला असता तर मी रागावले असते, हे मला तेव्हाही कळत होतं.

वर बिनछपराच्या मारुतीसमोर धपाटे खाल्ले. थोरलीला बाबुकडा बघायचा होता, फोटोत पाहिल्यापासून तेच चाललं होतं तिचं. वेळ नव्हता. तो वेळ कुणी खाल्ला, हे तिला बरोबर ठाऊक होतं. "नियम तूच मोडलास ना, मग अजून थोडा मोड," म्हणाली. मी नाहीच म्हटलं. उतरताना ती माझा हात धरायला तयार नव्हती.

उतरण चढणीपेक्षा वाईट. वाळका पाला, त्याखाली सुटे दगड. धाकटा तीनदा ढुंगणावर आपटला, शेवटी झाडीतच, बाबाच्या पाठीवर मान टाकून झोपला. आमचे गुडघे काय म्हणत होते ते लिहीत नाही.

चौकीवर पावणेचारला. मोजलं तर नऊ. चिक्कीचं पाकीट नाही. मी धाकट्याला जागं करून विचारलं, जरा चढ्या आवाजातच, तुझ्याकडे होतं ना? तो रडवेला होऊन पुन्हा पुन्हा बोटांवर मोजत राहिला. नऊच. मग स्वतःच चौकीवरच्या काकांपुढे जाऊन म्हणाला, "एक हरवलं, माझ्याकडून." आम्ही अनामत सोडून दिली. बोटीत तो पाण्याकडे बघत बसला, ताईने दिलेलं बिस्किटही घेतलं नाही.

आत्ता कपडे भिजवायला काढले. पाकीट माझ्या स्वेटरच्या खिशात निघालं, छान चौकोनी घडी घालून. मारुतीसमोर मीच ठेवलं असणार.

सकाळी त्याला सांगायचंय. थोरली उठायच्या आत जमलं तर बरं.