सतरा ए मधलं ‘ईपी’

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका केंद्रावर मी केंद्राध्यक्ष होतो. पहाटे साडेपाचला ५० मतांचं अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, घेऊन सातला दार उघडलं.

अकराच्या सुमारास सत्तरीच्या एक आजी आल्या. पहिल्या अधिकाऱ्याने नाव पुकारलं आणि तो थांबला. यादीत त्यांच्या नावाखाली आधीच लाल रेघ होती.

“मी तर आत्ता येतोय की ओ सर. माझं मत कुणी टाकलं?”

डाव्या तर्जनीवर शाई नव्हती. ओळखपत्रावरचा फोटो त्यांचाच. सतरा ए, म्हणजे मतदारांच्या सह्यांची वही, बघितली. त्या क्रमांकापुढच्या सहीत फक्त आडनाव लागत होतं, आणि ते आडनाव निम्म्या गल्लीचं. शेजारी लिहिलेलं ‘ईपी’, म्हणजे मतदार ओळखपत्र (एपिक) दाखवलं. याचा मला अजून संताप येतो. मतदाराने आधार दाखवलं तर शेवटचे चार आकडे आम्ही उतरवतो, पण मतदार ओळखपत्र दाखवलं तर नुसतं ‘ईपी’ पुरतं. सगळ्यात पक्का पुरावा आणि त्याचीच नोंद सगळ्यात पोकळ!

पक्षांचे प्रतिनिधी समोरच होते. गल्लीतली माणसं ओळखतात म्हणून तर त्यांना बसवतात. मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायला दोन रुपये लागतात. दिवसभरात एकानेही घेतला नाही.

मग नियम ४९ पी, प्रदत्त मत : आपल्या नावावर आधीच कुणी मत दिलेलं असेल तर खऱ्या मतदाराला देता येतं ते. यंत्रावर नाही, छापील मतपत्रिकेवर. प्रदत्त मतांच्या यादीवर, सतरा बी वर, अंगठा घेतला, फुलीचा शिक्का दिला. आजींनी घडी घालून पत्रिका माझ्या हातात ठेवली.

“हे मोजणार न्हवं?”

ते पाकीट मोजणीला उघडत नाहीत. प्रकरण न्यायालयात गेलं आणि तसा आदेश झाला तरच. मला ते माहीत होतं. मी म्हणालो, “नोंद झालीय आजी, नीट राहील.” त्यांनी हात जोडले. मी खोटं बोललो नाही, पण त्यांनी विचारलं त्याचं उत्तरही दिलं नाही.

सहानंतर यादी चाळताना दिसलं : त्यांच्या लगेच वरची नोंद, तेच आडनाव, नावात एका अक्षराचा फरक, आणि रेघ नाही. ती बाई आलीच नव्हती, की मत देऊन गेली आणि आमची रेघ एक ओळ खाली पडली? तोतया होती की आमचीच चूक? वहीत ओळखपत्राचे चार आकडे असते तर अकरालाच कळलं असतं. डायरीत ‘प्रदत्त मते : १’ लिहिलं आणि लाख लावली.

सूचनेत ‘ईपी’ पुरेसं आहे असं म्हटलंय, आकडे लिहू नका असं नाही. पुढच्या ड्युटीला माझ्या केंद्रावर ते लिहिले जातील. बाहेरची रांग कुरकुरेल. कुरकुरू दे.