तुम्ही विचारलंत म्हणून : पहिल्या गाडीला एबीएस घ्यावं का

मागच्या आठवड्यात सहा जणांनी विचारलं. "ओ मिस्त्री, पोराला पहिलीच मोटारसायकल घ्यायलोय, ते एबीएस का काय ते खरंच लागतंय का?" एबीएस म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम. कुणी रात्री दहाला फोन करून विचारतं, कुणी माझे हात ऑइलमध्ये असताना डोक्यावर उभं राहून विचारतं. अंबाजोगाईत गॅरेज टाकून मला एकोणीस वर्षं झाली त्यामुळं लोकं विचारणारच, त्याचं काही नाही. पण विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघितलं की कळतं, त्याला माझ्याकडून 'नको' ऐकायचं असतं, म्हणजे घरी जाऊन सांगता येतं की मिस्त्रीच नको म्हणला. मी 'घ्या' म्हणलो की लगेच तोंड उतरतं आन मग सुरू होतं, आमच्या वेळी कुठं होतं हे, आम्ही काय मेलो का. म्हणून आज सगळं एकदाच लिहितो, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देणार.

आधी एक गोष्ट संपवून टाकतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस कंपनीकडूनच येतं, तिथं घ्यावं का न घ्यावं हा प्रश्नच उरला नाही. तुमचा प्रश्न असतो तो दोनच ठिकाणी. एक, १२५ किंवा त्याच्या खालची घ्यायची का थोडे पैसे घालून वरची एबीएसवाली. आन दुसरं, २०१९ च्या आधीची सेकंडहँड स्वस्तात मिळायलीय ती उचलायची का. त्यात शोरूमवाला पोरगा सांगतो "काका याला पण सिस्टीम आहे की", तर ते सीबीएस असतं. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचा पण थोडा लागतो, बस. चाक जाम व्हायला लागलं तर ते सोडवायचं काम सीबीएस करत नाही. एबीएसमध्ये चाकाजवळ एक रिंग असते, तिच्यासमोर सेन्सर, चाक किती फिरतंय ते तो मोजत राहतो, आन चाक एकदम थांबायला लागलं की त्या ब्रेकचं प्रेशर क्षणभर सुटतं, परत लागतं, परत सुटतं, एका सेकंदात कितीतरी वेळा. माणसाच्या बोटांनी ते होत नाही, कितीही जुना ड्रायव्हर असू द्या.

आता माझं. २०१८ पर्यंत मी सगळ्यांना नको म्हणून सांगत होतो. जोरात सांगत होतो. म्हणायचो ब्रेक मारणं हे हाताचं काम आहे, आधी हात तयार करा, नव्या पोराला एबीएस दिलं की तो ब्रेक मारायला शिकतच नाही. आमच्याकडं प्रत्येक बाप पोराला एकच शिकवतो, पुढचा ब्रेक दाबू नको पडशील, आन मग पोरं आयुष्यभर मागचाच दाबत बसतात, मागचं चाक जाम होतं, गाडी शेपूट हलवत जाते आन थांबत नाही. खरं म्हणजे जोरात थांबताना सगळा भार पुढं येतो, मागचं चाक हलकं होतं, म्हणून थांबवायचं जास्तीचं काम पुढच्याच ब्रेकचं. हे मी कितीतरी पोरांना शिकवलं आन त्याच्यात मी चुकलो असं मला आजही वाटत नाही.

पण त्यातली एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही ती आज सांगतो. मला एबीएस दुरुस्त करता येत नव्हतं. मीटरवर एबीएसची लाईट पेटलेली गाडी गॅरेजला आली की माझ्याकडं ना ते बिघाड शोधायचं स्कॅनर ना त्याचं ज्ञान, सेन्सरची वायर घासलीय का रिंगमध्ये चिखल बसलाय का आतलं युनिट गेलंय, काही कळायचं नाही, गिऱ्हाईकाला बीडला नाहीतर लातूरला पाठवावं लागायचं. गिऱ्हाईक एकदा तिकडं गेलं की परत येत नाही. तेव्हा मी जो 'नको' म्हणायचो त्यात किती भाग हाताच्या कौशल्याचा होता आन किती भाग माझ्या पोटाचा होता, हे मला त्या वेळी स्वतःला विचारायचं नव्हतं.

अक्काच्या पोरानं, माझ्या भाच्यानं, २०१८ च्या दसऱ्याला गाडी घेतली. तो लातूरला पोलीस भरतीच्या अकॅडमीत होता, पहाटे चारला उठून पळायचा, १६०० मीटरचा टाईम रोज मला फोनवर सांगायचा. १६० सीसीची गाडी, एकच मॉडेल, एबीएसवाली आन बिगर एबीएसवाली अशा दोन्ही शोरूमला उभ्या होत्या, फरक सात हजारांचा. तेव्हा नियम नव्या मॉडेलला लागला होता, जुन्या मॉडेलला मार्चपर्यंत मुदत होती. दाजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय करायचं सांगा, तुम्ही म्हणताल तसं." ते वर्ष तुम्हाला आठवत असंल, सोयाबीन हातचं गेलेलं, त्याच महिन्याच्या शेवटी सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सात हजार म्हणजे दाजींच्या घरात दोन महिन्यांचा किराणा होता. मी म्हणलो, काही गरज नाही, त्या पैशात चांगलं हेल्मेट घ्या आन उरलेले ठेवा, ब्रेक मी शिकवतो.

आन शिकवला पण. चार रविवार मैदानावर नेलं. पुढचा ब्रेक दोन बोटांनी, आधी हळूच, भार पुढं आला की मग वाढवायचा. पोरगं हुशार, चौथ्या रविवारी ४० च्या स्पीडवरून मी आखलेल्या रेघेच्या आत थांबायला लागलं. मला लई बरं वाटलं होतं त्या दिवशी.

डिसेंबरात एका शनिवारी तो संध्याकाळी लातूरहून निघाला. कारखाने सुरू झालेले, त्यामुळं रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन ट्रॉल्या जोडलेल्या. बर्दापूर ओलांडल्यावर एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, दगड लावून ड्रायव्हर जॅक आणायला गेलेला. समोरून ट्रक फुल हेडलाईट टाकून आला. ट्रक पास झाला तेव्हा ट्रॉली एकदम समोर. भाच्याच्या म्हणण्यानुसार त्याचा स्पीड साठच्या आसपास होता. ६० ला गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर पुढं जाते. त्यानं चारी बोटांनी पुढचा ब्रेक आवळला. मामानं चार रविवार शिकवलेलं त्या एका सेकंदात त्याच्या हातात नव्हतं, भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी उचलायला टेम्पो घेऊन गेलो. ट्रॉली तिथंच होती. मी रस्ता पायांनी मोजला, का मोजला माहीत नाही, सवय असंल. पुढच्या टायरची काळी रेघ, माझी सहा पावलं. तिथं ती एकदम डावीकडं वळून संपलेली, तिथं चाक निसटलं. मग थोडा रस्ता स्वच्छ. मग फुटरेस्टनं आन हँडलच्या टोकानं खरवडलेली पांढरी रेघ, बावीस पावलं, थेट ट्रॉलीच्या चाकापर्यंत. त्याच्यावर उसाचं पाचट पडलेलं, मी ते पायानं बाजूला केलं तर खाली डांबरात बोटभर खोल ओरखडा. आन ट्रॉलीच्या डाव्या बाजूला साईडपट्टी मोकळी. एक गाडी निघून जाईल इतकी मोकळी. मी तिथं किती वेळ उभा होतो ते टेम्पोवाल्याला विचारा, त्यानं दोन वेळा हॉर्न वाजवला तरी मला ऐकू आलं नाही.

पोरगं वाचलं. हेल्मेट होतं. मांडीचं हाड तुटलं, आत रॉड आहे, गुडघा पूर्ण वाकत नाही. १६०० मीटर तिथंच संपलं.

आता तुम्ही म्हणताल, मग झालं की मिस्त्री, उत्तर मिळालं, एबीएस असतं तर पोरगं वाचलं असतं धड. हेच मला मान्य करता येत नाही, आन नाकारता पण येत नाही. एबीएस असतं तर चाक जाम झालं नसतं, गाडी आडवी झाली नसती, हँडल त्याच्या हातात राहिलं असतं, हे नक्की. पण उभ्या गाडीवर त्यानं त्या अंधारात साईडपट्टी बघितली असती का? बघितली तरी तिथं मुरूम होता, सुट्ट्या मुरमावर, खडीवर एबीएसवाली गाडी उलट जास्त लांब जाऊन थांबते, हे मी स्वतः बघितलंय. आन नसती वळवली तर? ट्रॉलीच्या मागं छातीच्या उंचीवर लोखंडी चॅनल होता. पडून घसरत गेला म्हणून चाकाला पाय लागला, उभा गेला असता तर छाती लागली असती. कमी स्पीडनं लागली असती पण लागली असती. रात्री झोप येत नाही तेव्हा मी ही गाडी त्या रस्त्यावर परत परत चालवतो, कधी तो निघून जातो कधी नाही.

माझ्यातला जुना मिस्त्री अजून बोलतो. तो म्हणतो, दोष ट्रॉलीचा आहे, लाईट नसलेल्या ट्रॉलीचा, तू स्वतःवर कशाला घेतोस. बरोबर आहे त्याचं, ट्रॉलीचा दोष आहेच, दर हंगामात तेच चालू आहे. तो म्हणतो, चारच रविवार शिकवलास, चाळीस शिकवले असते तर हात तयार झाला असता. इथं मी त्याला विचारतो, पहिल्या गाडीवरच्या पोराकडं चाळीस रविवार कुठून येणार? पहिली गाडी म्हणजेच हात तयार नाही. ज्याचा हात तयार आहे त्याला एबीएस एकवेळ नसलं तरी चालंल असं मी म्हणायचो, आन ज्याचा नाही त्याला देऊ नका पण म्हणायचो, म्हणजे मी नेमकं उलटं सांगत होतो. एवढी साधी गोष्ट मला त्या बावीस पावलांपर्यंत दिसली नाही.

तर मी आता 'घ्या' म्हणतो. पण 'घ्या' म्हणल्यावर जे ऐकत नाही लोकं ते पण ऐका. वळणावर गाडी तिरपी असताना दाबला तर साधं एबीएस वाचवंलच असं नाही, मांजरसुंब्याच्या घाटात त्याच्या भरवशावर जाऊ नका. सिंगल चॅनल म्हणजे एकाच चाकाला एबीएस असंल तर ते पुढच्या चाकाचं असतं, मागचं चाक जाम होऊ शकतं, पण दोन्हींत पुढचं चाक निसटलेलं जास्त वाईट कारण सावरायला वेळच मिळत नाही. टायर गुळगुळीत झाल्यावर एबीएसला धरायला रस्ताच राहत नाही. ट्रॅक्टरनं काळी माती आणून टाकलेली असंल आन त्याच्यावर पाऊस झाला असंल तर कुठलाच ब्रेक ब्रेक नाही, तिथं स्पीडच कमी पाहिजे. आन सगळ्यात महत्त्वाचं, एबीएस काम करताना लिव्हर हातात थरथरतो, पहिल्यांदा ते झालं की नवं पोरगं घाबरून ब्रेक सोडून देतं. सोडायचं नाही, दाबून धरायचं. म्हणून गाडी घरी आली की मोकळ्या जागी २५-३० च्या स्पीडला दोन-चार वेळा मुद्दाम जोरात दाबून ती थरथर हाताला ओळखीची करून घ्या.

पैशाचं म्हणताल तर मला पैशाचं कळत नाही असं समजू नका. परवा एक जण माझ्यावर चिडला, म्हणला तुम्हाला काय जातंय सांगायला, माझ्या घरी दोन लेकरं शिकायलीत, १२५ ची घेताना कर्ज काढायलोय. त्याला मी काही बोललो नाही. त्याला १२५ ची घ्यायची असंल तर त्यानं घ्यावी, पुढं डिस्क ब्रेक असलेली घ्यावी आन रविवारी पोराला माझ्याकडं पाठवावं. पैसे घेत नाही मी त्याचे. स्कॅनर घेतलाय आता, एबीएसची लाईट पेटली तर माझ्याकडंच आणा, लातूरला जायची गरज नाही.

भाचा आता कापडाच्या दुकानात बसतो, हिशोब बघतो. मागच्या पाडव्याला त्यानं गाडी घ्यायचं काढलं, मला फोन केला, "मामा, कोणती घेऊ?" मी म्हणलो शोरूमला ये, मी येतो. त्यानं स्वतःच एबीएसवाली निवडली, मला काही बोलावं लागलं नाही. त्यानं पण त्या सात हजारांचा विषय काढला नाही. दाजींनी एकदा काढला होता, दवाखान्यात, दुसऱ्या रात्री, आन मग स्वतःच गप्प झाले.

अक्कानं कधीच नाही. सगळा तालुका मला विचारतो, अक्कानं अजून एकदाही विचारलं नाही. भाऊबीजेला ओवाळते, ताटात साखर ठेवते, गॅरेज कसं चाललंय विचारते, आन मी म्हणतो बरं चाललंय.